अमेरिकी व्हेटरनची अपंगत्व तपासणी : समोर बसून की व्हिडिओवर?

अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या माणसाने व्हीएकडे, म्हणजे तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याकडे, अपंगत्वाच्या भरपाईचा क्लेम टाकला की बहुतेक वेळा एका वैद्यकीय तपासणीचं बोलावणं येतं. कागदोपत्री तिचं नाव 'कॉम्पेन्सेशन अँड पेन्शन एक्झाम', बोलण्यात 'सी अँड पी'. ही तपासणी तीन प्रकारे होते : दवाखान्यात समोरासमोर, व्हिडिओ कॉलवर, किंवा तुम्हाला न भेटता नुसती फाइल वाचून. यातलं कुठलं तुमच्या कामाचं, हे ठरवायला एक साधी कसोटी पुरते. तुमच्या आजाराचं रेटिंग, म्हणजे भरपाईसाठी धरले जाणारे अपंगत्वाचे टक्के, एखाद्या उपकरणाच्या आकड्यावर ठरत असेल तर समोरासमोरच जा. ते तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवर ठरत असेल तर व्हिडिओने काही बिघडत नाही. ते आधीच झालेल्या चाचण्यांवर ठरत असेल तर फाइलवरही भागतं.

अमेरिकी सैन्यात मराठी घरांतली मुलं-मुली आहेत. काही तिथेच जन्मलेली, काही ग्रीन कार्डावर भरती झालेली, तर काही २०१६ मध्ये थांबलेल्या 'मावनी' योजनेतून, स्टुडंट व्हिसावर असतानाच गणवेश चढवलेली. क्लेमसाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. सेवा झालेली असावी आणि डिस्चार्ज 'डिसऑनरेबल', म्हणजे अपमानास्पद बडतर्फी, नसावा. या मुलांच्या घरच्यांच्या डोक्यात मात्र आपल्याकडचा मेडिकल बोर्ड असतो : सेवा संपताना लष्करी डॉक्टर बसतात आणि टक्केवारी लिहितात. व्हीएची पद्धत वेगळी आहे. क्लेम निवृत्तीनंतर कितीही वर्षांनी टाकता येतो, तपासणी बहुधा खाजगी कंत्राटदाराचा डॉक्टर करतो आणि टक्के ठरवतो तिसराच माणूस, व्हीएचा रेटर. डॉक्टर फक्त 'डीबीक्यू' नावाचा प्रश्नावलीसारखा फॉर्म भरतो. रेटर तुम्हाला कधीच पाहत नाही, तो फॉर्म वाचतो. म्हणून त्या फॉर्मवर काय उतरतं यावर सगळं अवलंबून असतं.

पहिलं काम : आपल्या आजाराचं रेटिंग कशावर ठरतं ते पाहा

रेटिंगचे निकष 'अडतीस सीएफआर' या अमेरिकी सरकारी नियमावलीच्या भाग ४ मध्ये आहेत, ते इंटरनेटवर फुकट वाचता येतात. क्लेम टाकण्याआधीच आपल्या आजाराचं कलम काढून वाचा.

पाठ आणि सांधे इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून आधी तेच. कंबरेतून पुढे वाकणं ६० अंशांच्या वर पण ८५ पर्यंत असेल तर १० टक्के, ३० च्या वर पण ६० पर्यंत असेल तर २० टक्के, ३० किंवा त्याहून कमी असेल तर ४० टक्के. म्हणजे ६२ आणि ५८ या दोन आकड्यांमधल्या चार अंशांत रेटिंग दुप्पट होतं. गुडघा ४५ अंशांपर्यंतच वाकत असेल तर १० टक्के, ३० पर्यंतच वाकत असेल तर २०. इतका बारीक फरक लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरून ठरवता येत नाही. खुद्द नियमच, ४.४६ वं कलम, म्हणतं की हालचालीची मर्यादा मोजताना गोनियोमीटर अपरिहार्य आहे. गोनियोमीटर म्हणजे दोन पट्ट्यांचा कोनमापक. गुडघ्यासाठी त्याचा खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडावर येतो, एक पट्टी मांडीवरून खुब्याच्या दिशेने आणि दुसरी पायावरून घोट्याच्या दिशेने जाते. डॉक्टरने हे उपकरण हातातच घेतलं नाही आणि नजरेनेच "साधारण नव्वद" लिहिलं, तर ती गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती कामाला येते.

कानांच्या तपासणीत पर्याय नाही. ऐकू कमी येण्याचं रेटिंग परवानाधारक ऑडिओलॉजिस्टने घेतलेल्या दोन चाचण्यांवर ठरतं : १०००, २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झवरची शुद्ध स्वरांची चाचणी आणि 'मेरीलँड सीएनसी' ही शब्द ओळखण्याची चाचणी. दोन्ही श्रवणयंत्र काढूनच होतात. डोळ्यांचंही तसंच; दृष्टीचं क्षेत्र मोजायला यंत्र लागतं. फुप्फुसासाठी फुंकर मारून घेतलेल्या चाचणीचे आकडे लागतात. अलीकडचा रिपोर्ट फाइलमध्ये असेल तर पुन्हा जायची वेळ कदाचित येणार नाही. व्रण असतील तर लांबी-रुंदी मोजावी लागते.

कानात सतत आवाज येणं, म्हणजे टिनिटस, याचं प्रकरण निराळं. तो आवाज कुठल्याच यंत्रावर दिसत नाही, तुम्ही सांगाल तेच खरं मानून पुढे जावं लागतं. मायग्रेनही तसाच. तिथे रेटर पाहतो की माणसाला आडवं पाडणारे झटके किती वेळा येतात : सरासरी दोन महिन्यांतून एकदा असेल तर १० टक्के, महिन्यातून एकदा असेल तर ३०, आणि फार वरचेवर, लांबणारे, नोकरी-धंदा बसवणारे असतील तर ५०. व्हिडिओवर हे सांगण्यात काहीच अडचण नाही. अट एकच, तारखा हाताशी हव्यात.

मानसिक आजार, म्हणजे पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास), नैराश्य, चिंता यांचं रेटिंग काम आणि माणसांशी असलेले संबंध किती ढासळले यावर ०, १०, ३०, ५०, ७० किंवा १०० टक्के ठरतं. ही तपासणी म्हणजे मुख्यतः बोलणं, त्यामुळे व्हिडिओ चालतो. कित्येकांना अनोळखी दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात ताटकळण्यापेक्षा घरच्या खोलीत मोकळं बोलता येतं. काहींचं याच्या नेमकं उलट असतं : घरात सासू-सासरे, मुलं, पातळ भिंती, आणि युद्धातली किंवा लैंगिक अत्याचाराची गोष्ट तिथे तोंडातून निघतच नाही. घरात एकांत मिळणार नसेल तर समोरासमोरची तपासणी मागा. ही फार खरी अडचण आहे, संकोचू नका.

त्वचारोगांत आणखी एक पेच. शरीराचा किती भाग व्यापला आहे (५ टक्क्यांहून कमी, ५ ते २०, २० ते ४०, ४० च्या वर) यावर रेटिंग ठरतं आणि रोग कमी-जास्त होत असतो. तपासणीच्या दिवशी कातडी स्वच्छ असली तर डॉक्टर स्वच्छच लिहील. रोग उसळलेला असताना फोटो काढा, फोटोवर तारीख असू द्या आणि ते तपासणीआधीच क्लेममध्ये जोडा.

मेंदूला मार बसल्याचा, म्हणजे टीबीआयचा, पहिला क्लेम असेल तर त्याचं निदान फिजिअॅट्रिस्ट (पुनर्वसनाचा डॉक्टर), न्यूरॉलॉजिस्ट, न्यूरोसर्जन किंवा सायकिअॅट्रिस्ट यांपैकी कुणीतरी करायला हवं. अपॉइंटमेंटच्या फोनवरच विचारून घ्या.

फाइलवरून होणारी तपासणी

हिला 'एस' म्हणतात : 'अॅक्सेप्टेबल क्लिनिकल एव्हिडन्स'. डॉक्टर फाइल वाचतो, फार तर फोन करून दोन प्रश्न विचारतो आणि डीबीक्यू भरतो. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळे समोरासमोरच्या तपासण्या थांबल्या, तेव्हा व्हीएने हा मार्ग आणि व्हिडिओ दोन्ही मोठ्या प्रमाणावर वापरले. तेव्हापासून दोन्ही रुळले आहेत.

स्लीप अॅप्नियाला, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराला, हा मार्ग चांगला. स्लीप स्टडीचा रिपोर्ट आणि सीपॅप यंत्राचं प्रिस्क्रिप्शन फाइलमध्ये असलं की डॉक्टरला तुम्हाला पाहून काही नवं कळत नाही. पण फाइल पातळ असेल तर हाच मार्ग घातक. तीन वर्षं डॉक्टरकडे न जाता घरीच शेकत आणि गोळ्या घेत काढली असतील, तर फाइलमध्ये शेवटची नोंद 'तक्रार नाही' अशीच असणार. असं असेल तर क्लेम टाकण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि आजची अवस्था नोंदवून घ्या. फाइलवरची तपासणी झाल्याचं कधी कधी निकाल येईपर्यंत कळतही नाही. म्हणून जे दाखवायचं ते क्लेमबरोबरच जोडा, 'नंतर सांगू' म्हणून ठेवू नका.

फोन येतो तेव्हा

तपासणीची वेळ ठरवणारा फोन बहुधा व्हीएचा नसतो. क्यूटीसी, व्हीईएस, ऑप्टम सर्व्ह, लॉयल सोर्स या कंत्राटदारांपैकी कुणाचा तरी असतो. अनोळखी नंबर पाहून तो कापला जातो आणि क्लेमची माती होते. क्लेम टाकल्यावर काही महिने अनोळखी फोन उचला, व्हॉइसमेलची पेटी रिकामी ठेवा, व्हीएच्या संकेतस्थळावर पत्ता आणि नंबर ताजा आहे ना ते पाहा. फोन खरा आहे का अशी शंका आली तर ठेवा आणि व्हीएच्या १-८००-८२७-१००० वर खात्री करून घ्या. तपासणीला एक पैसाही लागत नाही. कार्डाचा नंबर मागणारा माणूस भामटा समजा.

फोनवर विचारायचं ते असं :

कुठल्या कुठल्या आजाराची तपासणी आहे, आणि ती कशी होणार? क्लेममध्ये गुडघा, कान आणि पीटीएसडी असेल तर तीन वेगळे डॉक्टर, तीन वेगळ्या तारखा असू शकतात. एक व्हिडिओ, दोन समोर, असंही होतं.

डॉक्टर कुठल्या शाखेचा? स्त्री डॉक्टर हवी असेल तर हे आत्ताच सांगा. लैंगिक अत्याचार, मानसिक आजार, स्त्रीरोग, स्तन यांसंबंधीच्या तपासणीत ही मागणी मान्य होते.

सांध्याची किंवा पाठीची तपासणी व्हिडिओवर ठेवली असेल तर तिथेच शांतपणे म्हणा : "यात हालचालीचे अंश मोजावे लागतात, मला समोरासमोरची वेळ द्या." बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ वहीत टिपून ठेवा. ऐकलं नाही तर व्हीएला फोन करा आणि २१-४१३८ या फॉर्मवर दोन ओळींत तेच लिहून क्लेममध्ये टाका. तपासणीला मात्र नकार देऊ नका. नकाराची नोंद 'सहकार्य केलं नाही' अशी होते, आणि ती पुसणं फार कठीण.

लांब जावं लागत असेल तर मैलांप्रमाणे प्रवासखर्च मिळतो, तो कसा मिळणार ते विचारा. प्रवासच झेपत नसेल, कंबर दोन तासांच्या ड्रायव्हिंगनंतर आखडत असेल, तर तेही सांगा. जवळची जागा शोधायला लावता येते.

वेळ बदलायची असेल तर निदान ४८ तास आधी कळवा. कंत्राटदार साधारणपणे एकदाच बदलून देतात. न सांगता गैरहजर राहण्याचे परिणाम अडतीस सीएफआरच्याच ३.६५५ व्या कलमात आहेत आणि ते कडक आहेत. पहिलाच क्लेम असेल तर हाताशी असलेल्या कागदांवर निकाल लागतो. रेटिंग वाढवण्याचा क्लेम असेल तर तो फेटाळला जातो. आजारपण, हॉस्पिटलात भरती, घरातला मृत्यू अशी सबळ कारणं चालतात, पण ती पुराव्यासकट लगेच कळवावी लागतात.

तपासणीच्या आधीचे आठ दिवस

एका पानावर, फक्त एका, इंग्रजीत लिहून काढा : त्रास कधी सुरू झाला, सैन्यातल्या कुठल्या प्रसंगाशी किंवा कामाशी जोडलेला आहे, आता महिन्यातून किती वेळा उसळतो, उसळला की किती दिवस टिकतो, त्या दिवसांत काय काय करता येत नाही. "पाठ खूप दुखते" याने रेटरला काहीच कळत नाही. "महिन्यातून तीन वेळा दोन-दोन दिवस उसळते, त्या दिवसांत बूट घालायला बायकोची मदत लागते, गेल्या वर्षी कामावर नऊ खाडे झाले" यातून सगळं कळतं. आकडे अर्थातच तुमचे स्वतःचे आणि खरे हवेत.

बायको, नवरा, भाऊ, सोबतचा सैनिक यांचं निवेदन २१-१०२१० या फॉर्मवर घेता येतं. रात्री किंचाळून उठणं किंवा लोकांत जायचं टाळणं हे तुमच्यापेक्षा घरच्यांना जास्त दिसतं, त्यांना लिहू द्या.

औषधं नेहमीप्रमाणे घ्या. तपासणीत त्रास जास्त दिसावा म्हणून गोळी बंद करणं धोक्याचं आहे. त्याऐवजी सांगा : कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, आज किती वाजता घेतली, तिच्याशिवाय काय होतं. पट्टा, काठी, गुडघ्याचा ब्रेस रोज वापरत असाल तर तो लावूनच जा.

व्हिडिओ असेल तर

दुव्याची चाचणी आदल्या दिवशी करून पाहा. मोबाइलपेक्षा लॅपटॉप बरा. मोबाइलच असेल तर तो टेकवून ठेवा, हातात धरू नका. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. ओळखपत्र, औषधांची यादी, ते एक पान आणि पाण्याचा पेला जवळ ठेवा. गाडीत बसून तपासणी देऊ नका.

सुरुवातीला डॉक्टर तुम्ही कुठे बसला आहात तो पत्ता आणि संकटकाळी फोन करायचा नंबर विचारतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बोलता बोलता तुमची अवस्था बिघडली तर मदत पाठवता यावी म्हणून हा रिवाज आहे. तपासणीनंतर मन फार अस्वस्थ झालं, जिवाचं बरं-वाईट करण्याचे विचार आले, तर अमेरिकेत ९८८ लावून १ दाबा. व्हेटरनसाठीची ही लाइन चोवीस तास चालू असते.

कॉल तुटला तर पुन्हा जोडायचा प्रयत्न करा, वेळ टिपा आणि दहा मिनिटांत कंत्राटदाराला फोन करा. नाहीतर अर्धवट तपासणी पूर्ण झाली असं समजून फॉर्म पुढे जाण्याची शक्यता असते. आवाज नीट येत नसेल तर अंदाजाने उत्तर देऊ नका, प्रश्न पुन्हा विचारायला सांगा. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करू नका.

समोर बसल्यावर

डॉक्टर "हाउ आर यू?" म्हणतो आणि आपल्या तोंडून सवयीने "फाइन" निघतं. सैनिकाच्या तोंडून तर हमखास. ते फॉर्मवर उतरू शकतं. म्हणा, "आज बरा दिवस आहे, पण आठवड्यातून दोन दिवस असा नसतो." वाईट दिवसाबद्दल बोलताना त्याला वाईट दिवस म्हणा आणि तो किती वेळा येतो तेही सांगा. रोजच तसं असतं असं भासवलंत तर पुढे तुमच्याच जुन्या नोंदी तुमच्याविरुद्ध उभ्या राहतील.

सांधा हलवताना दुखायला लागलं त्याच क्षणी बोला : "इथून दुखतं." दात-ओठ खाऊन शेवटपर्यंत नेऊ नका. सैन्यात तेच शिकवलेलं असतं, पण इथे ते नुकसानीचं ठरतं, कारण शेवटचा आकडाच लिहिला जातो. तीच हालचाल तीन वेळा करून पाहणं हा फॉर्मचा भाग आहे. तिसऱ्या वेळी कमी झाली तर तो आकडाही लिहायला हवा. २०१६ च्या कोरीया (हे आडनाव आहे) खटल्यात माजी सैनिकांच्या अपिलांच्या कोर्टाने सांगितलं की सांधा स्वतः हलवून, डॉक्टरने हलवून, वजन देऊन आणि वजनाशिवाय असा तपासावा, आणि जमेल तिथे दुसऱ्या बाजूच्या चांगल्या सांध्याशी ताडून पाहावा. २०१७ च्या शार्प खटल्यात सांगितलं की तपासणीच्या दिवशी दुखणं उसळलेलं नसलं, तरी उसळल्यावर हालचाल किती कमी होते याचा अंदाज डॉक्टरने रुग्णाला विचारून मांडायला हवा. डॉक्टरने विचारलं नाही तर तुम्हीच सांगा, अंशांत सांगता आलं नाही तरी हाताने दाखवा की त्या दिवशी कुठवर वाकता येतं.

हा डॉक्टर उपचार करत नाही, गोळी देत नाही, निकालही सांगत नाही. तपासणी पंधरा मिनिटांत उरकली म्हणून लगेच हाय खाऊ नका. फाइल त्याने आधी वाचलेली असू शकते. "माझी फाइल पाहिलीत का?" असं विचारायला मात्र काहीच हरकत नाही.

झाल्यावर, त्याच संध्याकाळी

घरी आल्या आल्या लिहा : किती वाजता सुरू, किती वाजता संपली, गोनियोमीटर वापरला का, काय विचारलं, काय राहिलं. तपासणीत खरोखर खोट असेल तर निकालाची वाट पाहू नका. दोन-तीन दिवसांत २१-४१३८ वर मुद्देसूद लिहून क्लेममध्ये टाका. डॉक्टर उद्धट होता हा मुद्दा तिथे टिकत नाही. "पाठ वाकवून पाहिली, पण कोन मोजला नाही, उसळण्याबद्दल विचारलं नाही" हा टिकतो.

अहवालाची प्रत मागवा. कंत्राटदाराची तपासणी व्हीएच्या आरोग्य पोर्टलवर दिसेलच असं नाही. २०-१०२०६ फॉर्मवर मागता येते, किंवा डीएव्ही, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू यांसारख्या माजी सैनिकांच्या संघटनेचा प्रतिनिधी नेमला असेल तर तो फाइलमध्ये पाहून सांगतो. हे प्रतिनिधी फुकट काम करतात. अहवालात आधी मताची ओळ शोधा. आजार सेवेशी जोडलेला असण्याची शक्यता निदान निम्मी आहे असं डॉक्टर म्हणतो का, आणि का म्हणतो? कारण न देता नुसतं 'नाही' लिहिलेलं मत कच्चं असतं. व्हीएने तपासणी करायची ठरवली की ती पुरेशी असलीच पाहिजे, हे २००७ च्या बार खटल्यापासून पक्कं आहे.

निकाल विरुद्ध गेला तर एका वर्षाच्या आत पाऊल उचला, म्हणजे भरपाईची मूळ तारीख टिकते. तपासणीतच चूक असेल आणि नवा पुरावा नसेल तर २०-०९९६ वर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निकालाचा फेरविचार. चूक मान्य झाली तर नवी तपासणी लावली जाते. नवा पुरावा असेल, उदाहरणार्थ तुमच्या डॉक्टरने गोनियोमीटरने मोजून भरलेला डीबीक्यू, तर २०-०९९५ वर सप्लिमेंटल (पूरक) क्लेम. हे कोरे फॉर्म व्हीएच्या संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत.

अजून सेवेत असलेल्यांनी डिस्चार्जच्या १८० ते ९० दिवस आधी बीडीडी योजनेतून क्लेम टाकावा. तपासण्या लष्करी तळावर किंवा जवळच उरकतात आणि सैन्यातल्या नोंदी ताज्या असतात.

सेवेनंतर भारतात परतून पुण्यात किंवा नाशिकला स्थायिक झालेल्यांनाही भरपाई मिळते. परदेशातली तपासणी कंत्राटदारामार्फत किंवा दूतावासाच्या मदतीने ठरते आणि तिला वेळ लागतो. टपालावर विसंबू नका, संकेतस्थळावरचं खातं आठवड्यातून एकदा उघडा आणि प्रश्न 'आस्क व्हीए'वर लेखी विचारा. व्हीएची फोनलाइन सोमवार ते शुक्रवार पूर्व किनाऱ्याच्या सकाळी ८ ते रात्री ९ चालते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच ते पहाटेचे साडेसहा असतात, हिवाळ्यात एक तास पुढे. इथल्या हॉस्पिटलचे मराठी-हिंदीतले कागद जोडताना इंग्रजी भाषांतर सोबत लावा, आणि गोनियोमीटरचे आकडे अंशांतच लिहून घ्या.